जावयाच्या दगडासमोरचं दार

आमच्या गावाला लोक येतात ते दगड बघायला. माणसं बघायला कुणी आल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात येणाऱ्यांचं काही चुकतं असंही मी म्हणणार नाही.

पिरंगुट मागे टाकून मुळशीच्या रस्त्याने बरंच पुढे गेलं की डावीकडे डोंगराची एक सोंड उतरते. तिच्या टोकावर एक प्रचंड कातळ सुटा उभा आहे. लांबून बघितलं तर गुडघ्यावर कोपर टेकवून, मान खाली घालून, गावाकडे पाठ करून बसलेला माणूस. त्याला आम्ही जावई म्हणतो. सासुरवाडीला जेवायला आला, वाढण्यात काहीतरी कमी पडलं, रुसून डोंगरावर जाऊन बसला. कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून वाट बघत राहिला. कुणीच गेलं नाही, आणि त्याचा दगड झाला. आमच्या गावात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. जावई दगड झाला याचं वाईट वाटत नाही कुणाला, आपण गेलो नाही याचाच अभिमान. मी स्वतः कुणाचा तरी जावई झाल्यावर मला ही गोष्ट पहिल्यांदा जरा खटकली, पण तोवर उशीर झाला होता.

गाव तसं जुनं नाही. साहेबाच्या काळात धरणाचं काम चाललं होतं तेव्हा कामावरच्या लोकांसाठी एका साहेबाने दगडी खोल्यांची एक रांग बांधून घेतली आणि वरच्या अंगाला स्वतःसाठी बंगला. आमचे पणजोबा त्या बंगल्यावर माळी. एस्टीचा कंडक्टर अजूनही गावाला ‘क्वार्टर’च म्हणतो. साहेबाला तो कातळ भयंकर आवडला. त्याला त्यात सिंह दिसला म्हणे. साहेब लोकांना कुठेही सिंहच दिसायचा. तर त्याने हुकूम केला की बंगल्याचं आणि सगळ्या खोल्यांचं तोंड त्या सिंहाकडे असलं पाहिजे. सकाळी उठून प्रत्येकाने दार उघडावं आणि सिंह बघावा.

हुकूम झाला, खोल्या झाल्या. फक्त तो कातळ गावाच्या दक्षिणेला आहे, हे साहेबाला कुणी बोललं नाही. बोलून उपयोगही नव्हता. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, त्या दिशेला घराचं दार ठेवत नाहीत, हे साहेबाच्या देशात शिकवत नसावेत.

साहेब गेला, बंगल्याचं छप्पर गेलं, खोल्या माळ्या-मजुरांच्या पोराबाळांकडे राहिल्या. दारं तिथेच. मग आमच्या पूर्वजांनी डोकं चालवलं. दार हलवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी घरच मनातल्या मनात उलटं फिरवलं. उत्तरेला चुलीपाशी धूर आणि राख बाहेर टाकायला एक ठेंगणं दार होतं. ते झालं आमचं खरं दार. तुळस तिथे, रांगोळी तिथे, तोरण तिथे. गणपती येतो तो तिथून. नवरी येते ती तिथून, माप ओलांडून थेट चुलीसमोर. पुढच्या दाराने रोजची ये-जा, पोस्टमन, पाहुणे, वीजबिल. आणि घरातलं माणूस गेलं की ते मात्र पुढच्या दारानेच, दक्षिणेकडे, सरळ रस्त्याला. तेवढी एकच गोष्ट साहेबाच्या मनासारखी होते.

ते मागचं दार इतकं ठेंगणं आहे की आमच्या खानदानातल्या प्रत्येक नवऱ्याचं कपाळ लग्नाच्या दिवशी त्या चौकटीला लागलेलं आहे. माझं लागलं तेव्हा माझ्या मुंडावळ्या वरच्या कडीत अडकल्या आणि मी अर्धा घरात, अर्धा बाहेर. माझी बायको माप ओलांडून आत जाऊन उभी राहिली होती. ती मागे वळून बघत म्हणाली, ‘येताय ना?’ आमच्या संसाराचं धोरण त्याच क्षणी ठरलं.

हे सगळं सांगायचं कारण माझा पुतण्या.

माझा थोरला भाऊ गावातच राहतो, भातशेती करतो. त्याचा मुलगा पिरंगुटच्या एका कारखान्यात आहे, सुट्टीच्या दिवशी शेत बघतो, कष्टाळू आहे, दिसायला माझ्यावर गेलेला नाही. पण लग्न जमेना. शेतकऱ्याच्या मुलांची ती अडचण सगळीकडेच आहे. आमच्याकडे वर ते दार. एका मुलीकडच्यांनी घर बघून ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. दुसरीचे वडील तर घरापर्यंत आलेच नाहीत. त्यांनी रस्त्यावरूनच दार कुठल्या दिशेला आहे ते बघितलं आणि गाडी वळवली. पुतण्या ओट्यावर नवा शर्ट घालून उभा होता. त्याने तो शर्ट परत घातलेला मी पाहिला नाही.

मग हे भूगावचं स्थळ आलं. मुलगी लवळ्याला एका विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरीला. आमची माणसं त्यांच्या फ्लॅटवर जाऊन आली, मुलामुलीचं बोलणं झालं, दोघांना पटलं. मुलगा घरी येऊन शिट्टी वाजवायला लागला. आता राहिलं होतं ते मुलीच्या आईवडिलांनी घर बघायला येणं. आणि मध्यस्थाकडून कळलं की मुलीच्या आईचा वास्तूवर पक्का विश्वास आहे, त्यांनी फ्लॅटसुद्धा पूर्वेचं दार बघून घेतलाय.

वहिनीने मला फोन करून बोलावून घेतलं. मी कोथरूडला राहतो, गावाकडे माझी किंमत ‘शहरातला, बोलतो बरं’ एवढीच. वहिनी म्हणाली, ‘भावजी, पोरगं म्हनतंय हे मोडलं तर परत पोरगी बघायची न्हाई. आनि ते बोलल्यापरमानं करतंय, तुमाला ठाव हाय.’ मला ठाऊक होतं.

तिने बेत आखून ठेवला होता. पाहुण्यांना रस्त्याने घराकडे आणायचंच नाही. गाडी शाळेपाशी लावायला लावायची आणि बांधावरून, शेतातून मागच्या अंगाने आणायचं. तुळस, रांगोळी, तोरण सगळं तिथेच, घराचं तोंड उत्तरेला आहे असंच वाटणार. पुढचं दार आतून बंद करायचं, त्याला भाताची पोती लावायची, वर चादर टाकायची. कुणी विचारलंच तर अडगळ.

‘आणि मी काय करू?’ मी विचारलं.

‘तुमी नुसतं बोलत राहा. कुटली दिशा कुटं, ह्ये इचारायला त्यास्नी फुरसतच द्यायची न्हाई. तेवढं जमतंय तुमाला.’

भाऊ तिथेच बसला होता. त्याला हा बेत आवडला नव्हता, पण त्याला न आवडलेल्या गोष्टींबद्दल तो चाळीस वर्षं काहीच बोललेला नाही, तेव्हा आताही बोलला नाही.

पाहुण्यांचा दिवस मी ठरवला. मला सुट्टी असते म्हणून रविवार ठरवला. माझ्या हुशारीबद्दल पुढे जे काही सांगणार आहे त्याचं सगळं सार एवढ्या वाक्यात आहे.

थंडीचे दिवस होते, भात कापून झालेलं. पाहुणे आले. मुलीचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, अबोल. आई चांगली काठापदराची साडी नेसून, पायात नाजूक चप्पल. मुलगीही आली होती. मी त्यांना शाळेपाशी उतरवलं आणि बोलायला सुरुवात केली. इंद्रायणी तांदळावर बोललो, पाटपाण्यावर बोललो, बिबट्यावर बोललो. बाईंनी विचारलं, घराला सरळ रस्ता नाही का? मी म्हटलं, आहे हो, पण ही शेताची शोभा तुम्हाला कुठे बघायला मिळणार. शोभा म्हणजे कापलेल्या भाताची खुंटं होती आणि त्यांच्या चपलेतून ती टोचत होती. पाहुण्यांकडे तोंड करून बोलावं हा सभ्यपणा म्हणून मी उलटा चालत होतो. उलटा चालत चालत मी शेणखताच्या ढिगात गेलो, गुडघ्यापर्यंत.

मुलगी हसली. मोठ्याने नाही, पण हसली. मला ती तिथेच आवडली.

मागच्या दाराशी वहिनीने स्वागत केलं, माझ्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं आणि डोळ्यांनी मला जे म्हणायचं ते म्हणाली. बाईंनी तुळशीला हात जोडले. रांगोळीचं कौतुक केलं. वाकून आत आल्या, त्यांच्यामागून त्यांचे यजमान आले आणि त्यांचं कपाळ चौकटीला लागलं. मला बरं वाटलं. म्हटलं, घराने यांना आपलं मानलं.

नव्या तांदळाची घावनं झाली, चहा झाला. सगळं इतकं छान चाललं होतं की वहिनीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. मग मुलीच्या वडिलांनी तोंड उघडलं.

‘तो दगड कुठून दिसतो? फोनवर फोटो पाहिला होता.’

मी म्हटलं, घरातून नाही दिसत, त्यासाठी बरंच वर चढून जावं लागतं. तो त्या वेळी पोत्यांच्या आणि चादरीच्या पलीकडे, दाराच्या बरोबर समोर बसलेला होता. भावाला ठसका लागला.

आणि तेवढ्यात चादरीमागचं दार कुणीतरी वाजवलं.

रविवारी आमच्या ओट्यावर लोक येतात. वर्षानुवर्षं येतात. कुणीतरी नकाशावर दगड बघायची जागा म्हणून आमच्या पुढच्या दारावरच खूण टाकून ठेवलेली आहे. पुण्याहून पोरंपोरी येतात, ओट्यावर बसून फोटो काढतात, पाणी मागतात. हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. रविवार ठरवणाऱ्या मला आठवलं नव्हतं.

दार पुन्हा वाजलं. ‘काका, जावयाचा दगड इथूनच ना? मॅप इथेच दाखवतंय.’

मी आवाज चढवून बिबट्यावर बोलायला लागलो. वहिनी उठून भांड्यांचा आवाज करायला लागली. बाहेरून तिसऱ्यांदा हाक आली, ‘काका, थोडं पाणी मिळेल का?’

आणि भाऊ उठला. आमच्या भावाच्या दारात कुणी पाणी मागावं आणि तो बसून राहावा, हे आजवर झालेलं नाही. ‘आलो, आलो,’ म्हणाला. चादर ओढली, एकेक पोतं बाजूला केलं, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

पुढचं दार मोठं आहे. साहेबाच्या उंचीचं. त्यात समोर अख्खा डोंगर आणि डोंगरावर पाठ करून बसलेला जावई. थंडीतला सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्याचं ऊन दारातून आत आलं आणि घावनांच्या ताटल्यांपर्यंत, मुलीच्या आईच्या पायांपर्यंत पसरलं. होकायंत्राची गरज राहिली नाही.

‘ही दक्षिण,’ बाई म्हणाल्या.

कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, यावरून प्रसंग ओळखा. भाऊ पोरांना पाणी देत होता. मुलीचे वडील मात्र उठले, ओट्यावर गेले आणि त्या पोरांच्या शेजारी पायरीवर बसले. बघत राहिले. भावाला त्यांनी दगडाची गोष्ट विचारली आणि भावाने ती सांगितली. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग कुणी गेलंच नाही का त्याला आणायला?’

‘न्हाई,’ भाऊ म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात अभिमान नव्हता.

निघताना पाहुणे पुढच्या दाराने निघाले, सरळ रस्त्याने. रस्ता दहा पावलांवर होता हे त्यांच्या लक्षात आलं. मुलीच्या आईने मला विचारलं नाही की मग शेतातून का आणलंत. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मुलीने एकदा मागे वळून पुतण्याकडे बघितलं. तिच्या आईने वहिनीला नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘कळवतो.’

दिवस जात राहिले. फोन आला नाही. पुतण्याची शिट्टी बंद झाली. कामावरून आला की ओट्यावर बसायचा, गुडघ्यावर कोपर, मान खाली, पाठ घराकडे. मी एकदा चेष्टेने म्हटलं, अरे, डोंगरावर एक आहे तेवढा पुरे. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा न घेताच उठलो.

पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तिचाच फोन. ‘भावजी, गाडी घेऊन या. भूगावला जायाचंय.’

मी म्हटलं, वहिनी, आपल्या गावातून कुणी कुणाची समजूत काढायला गेल्याचं ऐकिवात नाही.

‘म्हनूनच त्यो दगड झाला,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नव्या तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मी बोलायला गेलो तर म्हणाली, ‘आज तुमी नगा बोलू.’ भूगावला त्यांच्या इमारतीत फ्लॅटचं दार पूर्वेला होतं खरं, पण ते उघडत होतं लिफ्टसमोरच्या अंधाऱ्या बोळात. खिडकीसमोर नवी इमारत उभी राहिलेली, तिच्या बांधकामावरची हिरवी जाळी वाऱ्याने हलत होती. भर सकाळी ट्यूबलाइट चालू होती. वहिनीने वर दिव्याकडे बघितलं. आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी डोळे मिटले, पण ती बोलली नाही. पिशवी ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली की झालं ते चुकलं, लपवायला नको होतं.

मुलीच्या आईने पाणी आणून दिलं. मग समोर बसल्या.

‘ताई, मी दिशा मानते, खोटं कशाला बोलू. पण दिशेची शांत असते, ती करून घेता येते. मला राग त्याचा नाही. आम्हाला चोरून आणल्यासारखं शेतातून आणलंत. उद्या माझी मुलगीही अशीच मागच्या दाराने, वाकून घरात घेणार? ते मला नको. आणायची तर सरळ दाराने आणा.’

मी वहिनीकडे बघितलं. आमच्या गावात पुढच्या दाराने नवरी कधी आलेली नाही. त्या दाराने काय जातं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या आईपासून, तिच्या सासूपासून चालत आलेली गोष्ट. मला वाटलं, आता संपलं.

वहिनी पदराचं टोक चाळवत राहिली. मग म्हणाली, ‘मी बी मागनंच आले. राखेच्या ढिगापासनं. लगीन करून आले तवा लांबनं त्ये मोठं दार दिसत हुतं, मला वाटलं त्येच्यातनंच जायाचं. मला बी पुढनं यायचं हुतं. कुनी इचारलंच न्हाई.’

इतकी वर्षं मी त्या घरातला. मलाही माहीत नव्हतं. माहीत असायला विचारावं लागतं, आणि मी बोलण्यात गुंतलेला असतो.

मुलीच्या आईने तांदळाची पिशवी उचलून आत नेली. आमच्याकडे त्याला होकार म्हणतात. मुलीचे वडील आतून आले आणि त्यांनी विचारलं, की लग्नानंतर ते अधूनमधून त्या पायरीवर येऊन बसले तर चालेल का.

माघात लग्न झालं. शांत झाली, तिचा खर्च त्यांनीच केला. गावात मात्र आधीच बोभाटा झाला होता. वरात परत आली तेव्हा अख्खी क्वार्टर रस्त्यावर. काहींचे चेहरे काळजीचे, बऱ्याच जणांचे नुसते मजा बघायला आलेले. एक म्हातारी मला म्हणाली, ‘आरं, यम ओळखंल न्हवं, ही जानारी न्हाई, येनारी हाय म्हनून?’ मी म्हटलं, आजी, जाणारं आडवं जातं, ही आपल्या पायांनी येतेय, ओळखेल. रविवार होता, पण या वेळी मी ठरवलेला नव्हे, भटजींनी ठरवलेला. त्यामुळे दगड बघायला आलेली मंडळी होतीच. त्यांना रस्त्याच्या कडेला थोपवून धरायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

वहिनीने पुढच्या उंबऱ्यावर माप ठेवलं. नवीन तोरण बांधलेलं. नवरी ताठ मानेने दारात आली, उजव्या पायाने माप लवंडलं, तांदूळ आत फरशीवर, उन्हात पसरले. तिच्यामागून पुतण्या आला आणि दारात येताच खानदानातल्या नवऱ्यांच्या सवयीने कमरेत वाकला. साहेबाच्या उंचीच्या त्या दाराखालून, डोक्यावर हातभर जागा मोकळी असताना, तो पार गुडघ्यापर्यंत वाकून आत गेला. गाव हसलं, पुण्याची पोरं हसली, आणि भाऊ, जो सहसा हसत नाही, त्याने तोंडावर टॉवेल धरला.

सगळे आत गेल्यावर मी रस्त्यावरून बघितलं तर वहिनी अजून बाहेर ओट्यावर उभी होती. आरतीचं ताट तिने पायरीवर टेकवलं. आजूबाजूला बघितलं, कुणी बघत नाही असं वाटल्यावर पदर नीट केला आणि उजवा पाय आधी टाकून, लवंडलेल्या मापाला धक्का न लावता, पुढच्या दाराने आत गेली.

शेजारी उभ्या असलेल्या एका पोराने मला विचारलं, काका, या दगडाची काहीतरी गोष्ट आहे ना?

मी म्हटलं, आहे. जरा थांब, आतलं आवरू दे.